रिंग ऑसिलेटर आपोआप एका चालीत येतात: वावरातल्या पंप स्टार्टरच्या सुरक्षेचं काय?

वावरातला_वायरमन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि स्टार्टर पॅनेलचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा झालाय, त्यामुळे फावल्या वेळात सर्किट स्वतः बनवतो.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. हरभऱ्याचं ओलित असलं की माणूस अंधारात बॅटरी घेऊन वावरात जातो. साप, रानडुकरं, आणि पांढरकवड्याच्या बाजूला तर वाघ. मोबाइल स्टार्टर बाजारात मिळतात, पण आमच्या बऱ्याच शिवारांत रेंजच नाही. म्हणून लोरा रेडिओवर (मोबाइल रेंजशिवाय लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) चालणारं पॅनेल तयार करतोय. घरी एक छोटा रिमोट, वावरात पॅनेल, मध्ये दोन-तीन किलोमीटर.

सुरक्षेसाठी पद्धत नेहमीचीच ठेवली आहे. रिमोटने "मोटर चालू" म्हटलं की पॅनेल एक नवा रँडम आकडा पाठवतं. रिमोट तो आकडा गुप्त किल्लीत मिसळून उत्तर परत पाठवतो. उत्तर जुळलं तरच काँटॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) ओढला जातो. कालचा संदेश कोणी रेकॉर्ड करून आज वाजवला तर उपयोग नाही, कारण आज आकडा वेगळा. म्हणजे सगळी भिस्त त्या आकड्यावर.

फेज क्रम आणि ड्राय रन (मोटर पाण्याविना चालणं) तपासायला पॅनेलमध्ये लहानसा एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बांधता येणारी चिप, आहेच. त्यातच रिंग ऑसिलेटर केले. विषम संख्येने इन्व्हर्टर (शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारं गेट) एकापाठोपाठ जोडून शेवटच्याचं आउटपुट पहिल्याला दिलं की सर्किट स्थिर बसूच शकत नाही, शून्य-एक-शून्य फिरत राहतं. एका इन्व्हर्टरला वायरसकट १ नॅनोसेकंद लागतो असं धरलं तर ५ इन्व्हर्टरच्या रिंगचा एक फेरा १० नॅनोसेकंदांचा, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झ. सिलिकॉनमधल्या उष्णतेच्या नॉइजमुळे प्रत्येक फेरा किंचित लवकर-उशिरा संपतो. हाच जिटर, आणि रँडमपणा त्यातूनच काढायचा. अशा आठ रिंगा, प्रत्येकीचं आउटपुट फ्लिप-फ्लॉपने (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) टिपायचं आणि आठांचा एक्सॉर (एकांची संख्या विषम असेल तर एक, नाहीतर शून्य) घ्यायचा, अशी रचना.

आता जे दिसलं ते सांगतो. प्रत्येक रिंग एकेकटी चालवून फ्रिक्वेन्सी मोजली तर आठही थोड्या थोड्या वेगळ्या. सगळ्या एकत्र चालू केल्या की चिपमध्ये शेजारी बसलेल्या दोघींचे फेरे मोजणारे काउंटर तंतोतंत सारखे येतात. कितीही वेळ मोजा, फरक वाढतच नाही. त्यातली एक रिंग चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवली की फरक परत दिसतो. आणि खरी काळजीची गोष्ट पुढे आहे: दोन्ही वेळेस मिळालेला डेटा इंटरनेटवरच्या तयार रँडमनेस चाचण्यांतून पास होतो.

त्या दोघींमध्ये मी एकही वायर जोडलेली नाही. मग त्यांना एकमेकींचं कळतं कसं? आणि चाचणी सांगत नसेल तर ओळखायचं कशावरून?

---

काळीकसदार

दादा, मोजून मग विचारलंत हे फार बरं केलं. मी पुण्यात एफपीजीएवरच काम करते, माहेर आर्वीचं, त्यामुळे रात्रीची लाइन म्हणजे काय ते माहीत आहे.

तुम्ही वायर जोडली नाही, पण वीज त्या दोघी एकाच लाइनवरून घेतात. इन्व्हर्टर पलटतो तेव्हा सप्लायमधून करंटचा एक झटका ओढतो आणि त्या क्षणी आसपासचं व्होल्टेज जरा बसतं. शेजारच्या रिंगचा इन्व्हर्टर नेमका तेव्हाच पलटत असेल तर त्याला किंचित जास्त वेळ लागतो, म्हणजे त्याची कड (शून्य-एक पलटण्याचा क्षण) मागे सरकते. प्रत्येक फेऱ्यात असं होत राहतं. ग्राउंड आणि सबस्ट्रेट (चिपचा सिलिकॉनचा पाया) दोघींना सामाईक, शिवाय शेजारून जाणाऱ्या वायरींमधली कपॅसिटन्स. इतक्या वाटा पुरेशा आहेत.

याचं गणित रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी १९४६ मध्येच मांडलं. दोन ऑसिलेटरच्या मूळ फ्रिक्वेन्सींतला फरक एका मर्यादेच्या आत असला की ते लॉक होतात, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीला बांधले जातात. ही मर्यादा शेजाऱ्याकडून येणाऱ्या सिग्नलच्या ताकदीप्रमाणे वाढते आणि ऑसिलेटरच्या क्यू फॅक्टरप्रमाणे (तो स्वतःची फ्रिक्वेन्सी किती घट्ट धरून ठेवतो त्याचं माप) घटते. क्वार्ट्‌झ क्रिस्टलचा क्यू प्रचंड, म्हणून तो सहजासहजी कोणाच्या नादी लागत नाही. रिंग ऑसिलेटरचा क्यू अगदी कमी, त्यामुळे ती लगेच खेचली जाते.

मर्यादेच्या बाहेर असलं म्हणजे सुटलो असंही नाही. समजा दोघींचा मूळ फरक १०० किलोहर्ट्‌झ आहे आणि लॉक होण्याची मर्यादा ८०. दोघी लॉक होणार नाहीत, पण प्रत्यक्षात दिसणारा फरक १०० नसेल. तो १०० च्या वर्गातून ८० चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं तर येतो, म्हणजे ६० किलोहर्ट्‌झ. मर्यादा ९९ झाली तर फक्त १४ च्या आसपास. त्या अवस्थेत दोघींच्या फेजमधला फरक (फेऱ्यात कोण किती पुढे-मागे) बराच वेळ एका जागी अडकून राहतो, मग झर्रकन एक फेरा सुटतो, परत अडकतो. काउंटर वेगळे दिसतात म्हणून आपण निश्चिंत राहतो आणि बहुतेक वेळ त्या जवळपास बांधलेल्याच असतात. तेव्हा एकेकटीने मोजलेला फरक आणि एकत्र मोजलेला फरक, दोन्ही शेजारी मांडून बघा. एकत्र असताना फरक आक्रसला असेल तर ओढाताण सुरू आहे असं समजा.

---

तुरीची_शेंग

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं फार कळत नाही, पण शेगावच्या पालखीत दिंडीत चालताना दोन फडांचे टाळ शेजारी आले की थोड्या वेळाने एकाच ठेक्यात वाजायला लागतात. तसंच ना हे?

---

काळीकसदार

बरंचसं तसंच, ताई. लय आधीच जवळची असेल तरच टाळ जुळतात, एक फड संथ अभंगात आणि दुसरा द्रुत गजरात असेल तर नाही. रिंगांचंही तेच. फक्त टाळकरी ऐकून मुद्दाम जुळवून घेतो. इथे मुद्दाम काहीच नाही, सप्लायमधला धक्का आपोआप कड सरकवतो.

---

निवृत्त_निदेशक

आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात नोकरी गेली. या घटनेचा इतिहास जुना आहे म्हणून लिहितो. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगन्स १६६५ मध्ये आजारी पडून खोलीत होता. एकाच आधारावर टांगलेली त्याची दोन लंबकाची घड्याळं बरोबर उलट दिशांना, पण एकाच तालात डोलू लागलेली त्याला दिसली. मुद्दाम बिघडवली तरी काही वेळाने परत तशीच. आधी त्याला हवेचा परिणाम वाटला, मग त्याने शोधून काढलं की ज्या लाकडावर ती टांगली होती ते अगदी नकळत हलत होतं. वायरमनभाऊंच्या चिपमध्ये त्या लाकडाच्या जागी सप्लायची पट्टी आहे.

हायगन्सची दोन्ही घड्याळं एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये स्थिरावली होती, हेही ध्यानात असू द्या. लॉक होणं म्हणजे एकाच क्षणी पलटणं असं नाही. फेजमधला फरक कितीही असू शकतो, तो बदलत नाही एवढंच.

---

अर्धवाहक

नागपुरात पीएचडी करतो आहे, विषय हाच. निदेशक सरांनी शेवटी लिहिलं ते महत्त्वाचं आहे, कारण एक्सॉरचा सगळा हिशोब तिथेच कोसळतो. आठ रिंगांचा एक्सॉर घेताना आपण धरून चालतो की प्रत्येकीचा जिटर स्वतंत्र आहे. दोघी लॉक झाल्या आणि त्यांच्या फेजमध्ये फरक जवळपास नसला, तर दोघींचा मिळून एक्सॉर जवळपास कायम शून्य. आठ धरल्या होत्या, कामाच्या सहाच उरल्या. सगळ्या एकाच बाहेरच्या सिग्नलला लॉक झाल्या तर हाती उरतं ते फक्त एक ठराविक नक्षीकाम.

आणि हे प्रत्यक्षात केलं गेलं आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या मार्केटोस आणि मूर या दोघांनी २००९ मध्ये दाखवलं की चिपच्या पॉवर सप्लायमध्ये योग्य फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडला तर आतले रिंग ऑसिलेटर त्याला लॉक होतात आणि जिटर नाहीसा होतो. एका सिक्युअर मायक्रोकंट्रोलरमध्ये २ चा ६४वा घात इतक्या शक्यता असायला हव्या होत्या, त्या ३३०० वर आल्या. २००४ सालच्या एका चिपवाल्या बँक कार्डावरही त्यांनी हा हल्ला यशस्वी केला. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या बायों आणि सहकाऱ्यांनी वायर न जोडता, चिपजवळ विद्युतचुंबकीय प्रोब धरून, ५० रिंगांचा जनरेटर लॉक केला आणि आउटपुटमध्ये शून्य-एकचं प्रमाण आपल्याला हवं तसं वळवून दाखवलं.

म्हणून "रिंगा वाढवा" हा उपाय मला पटत नाही. सुनार, मार्टिन आणि स्टिन्सन यांच्या २००७ च्या रचनेत प्रत्येकी १३ इन्व्हर्टरच्या ११४ रिंगा होत्या, आणि गणिती सिद्धता रिंगा स्वतंत्र आहेत या गृहीतावर उभी होती. एकाच चिपमध्ये ११४ रिंगा दाटीने बसवल्यावर ते गृहीत टिकवणं फार अवघड.

तुमच्या चाचण्या पास का झाल्या तेही सांगतो. २०१० मध्ये बोशार, फिशर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनमध्ये जिटर पूर्ण काढून टाकला. थोड्या थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या पुरेशा रिंगांचा एक्सॉर घेतला तरी आउटपुट चाचण्यांतून पास झालं. रँडम असं काहीच नव्हतं, केवळ फ्रिक्वेन्सींच्या फरकातून तयार झालेली गुंतागुंतीची नक्षी होती. चाचणीला नक्षी रँडम दिसते, पण ज्याला फ्रिक्वेन्सी माहीत आहेत तो पुढचा बिट आधीच सांगू शकतो. मी तर म्हणेन की एक्सॉरनंतरच्या आउटपुटवर चाचणी लावूच नका. प्रत्येक रिंगचा कच्चा सिग्नल बघा.

---

संत्रा_मोर्शी

भाऊ, समदं वाचलं. एक विचारू काय? आमच्याकडं मोटरीची केबल कापून नेतेत, स्टार्टरातले तांब्याचे कॉन्टॅक्ट काढून नेतेत. त्याईले तुमच्या आकड्याचं काय पडलं? केंब्रिजचा साहेब काही माह्या संत्र्याच्या बगीच्यात मोटर चालू कराले येत नाही. एवढा खटाटोप काहून करून राहिले?

---

वावरातला_वायरमन

काका, प्रश्न योग्यच आहे. केबल चोरणाऱ्याला आकडा नकोच. पण दोन गोष्टी बघा. विहीर सामाईक असली की पाण्यावरून भावाभावांत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत किती तेढ असते ते तुम्ही मला सांगावं असं नाही. रात्री कोणी दुरून मोटर चालू करून ठेवली आणि विहीर कोरडी पडली तर मोटर जळते. तिचं रिवाइंडिंग मीच करतो, बिल किती येतं ते माहीत आहे. त्याहून वाईट म्हणजे माणूस विहिरीत फूटव्हॉल्व्ह काढायला उतरलेला असताना मोटर चालू झाली तर.

दुसरं असं की माझ्या पॅनेलमधल्या दोन रिंगा कोणी हल्ला केला म्हणून लॉक झालेल्या नाहीत. आपणहून झाल्या. हल्लेखोर नसला तरी आकडा कमजोर झालाच ना?

---

काळीकसदार

दादांशी सहमत. वावरातलं पॅनेल दिवस-रात्र बिनराखणीचं असतं. ज्याला त्यात काही करायचं आहे त्याला बँकेच्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त मोकळीक.

पण काकांच्या प्रश्नावरून वाटलं की आकडा नेमका कशासाठी हवा ते आधी स्पष्ट करू. जुना संदेश परत वाजवणं रोखायला नुसता वाढत जाणारा काउंटरही पुरतो, आकडा पुन्हा येणार नाही एवढंच हवं. रँडम लागतो तो वेगळ्या हल्ल्यासाठी. समजा, पॅनेल उद्या कोणता आकडा विचारणार हे कोणाला आधीच कळलं. तो आज तुमच्या घराजवळ येऊन पॅनेल असल्याचं सोंग करतो, तोच आकडा रिमोटला विचारतो, रिमोट बिचारा खरं उत्तर देतो. उद्या वावरात जाऊन ते उत्तर वाजवलं की मोटर चालू. किल्ली फोडायची गरजच पडली नाही. केंब्रिजवाल्यांनी कार्डांसाठी मांडलेला धोका याच जातीचा आहे: जिथे २ चा ३२वा घात इतके प्रयत्न लागायला हवेत तिथे १३ प्रयत्नांत काम होतं असा त्यांचा हिशोब होता.

तेव्हा काउंटर आणि रँडम दोन्ही एकत्र वापरा. काउंटर लाइन गेल्यावरही टिकला पाहिजे, म्हणून एफरॅममध्ये (वीज गेली तरी पुसली न जाणारी मेमरी) ठेवा. साध्या ईईप्रॉमला लिहिण्याची मर्यादा असते. आणि कायमची गुप्त किल्ली वावरात तयार करू नका. दुकानात संगणकावर तयार करून पॅनेल आणि रिमोट दोन्हींत भरा.

---

बेंबळा_काठ

आमच्या गावात संध्याकाळी सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की डीपीवर व्होल्टेज धपकन पडतं. ५० हर्ट्‌झची घरघर सप्लायमध्ये येतेच. त्यालाही रिंग लॉक होत असेल का?

---

अर्धवाहक

नाही. १०० मेगाहर्ट्‌झची रिंग ५० हर्ट्‌झला लॉक होत नाही. रेक्टिफायरनंतर राहिलेला १०० हर्ट्‌झचा रिपल रिंगची फ्रिक्वेन्सी हळूहळू वर-खाली डोलवतो, कारण व्होल्टेज कमी झालं की इन्व्हर्टर मंद होतो. व्होल्टेज पडल्यावरही तसंच, सगळ्या रिंगा एकत्र मंदावतात. धोका निराळा आहे: हे डोलणं जिटरसारखंच दिसतं. मोजलं तर वाटतं वा, किती रँडम. पण ते सगळ्या रिंगांना सारखं लागू होतं, त्याचा अंदाज बांधता येतो आणि बाहेरचा माणूस ते घडवूही शकतो. त्याला रँडम म्हणून हिशोबात धरू नये.

लॉक होण्याची भीती आहे ती जवळच्या किंवा साध्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीची. सगळ्यात आधी स्वतःच्याच क्लॉकवर संशय घ्या. बोर्डावर १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असेल आणि रिंग ९६ च्या आसपास असेल तर ती आठव्या हार्मोनिकच्या (क्लॉकच्या आठ पटीच्या) दारात उभी आहे. क्लॉकवर शेकडो फ्लिप-फ्लॉप एकदम पलटतात, त्यांचा सप्लायवरचा धक्का शेजारच्या रिंगपेक्षा मोठा असतो.

आणखी एक, आपल्या भागासाठी महत्त्वाचं. तापमान वाढलं की रिंगांची फ्रिक्वेन्सी सरकते, आणि प्रत्येकीची अगदी सारखी सरकत नाही. सकाळी ज्या दोघी वेगळ्या होत्या त्या दुपारी एकमेकींच्या मर्यादेत येऊ शकतात. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर असताना टिनाच्या पेटीत किती होत असेल याचा विचार करा. दुकानात टेबलावर एकदा मोजून "ठीक आहे" म्हणण्यात अर्थ नाही. पेटी उन्हात ठेवून, थंड पहाटे, कमी व्होल्टेजवर, असं सगळ्या टोकांना मोजलं पाहिजे.

---

वावरातला_वायरमन

मग मोजायचं काय? नुसता काउंटर सारखा आला की लॉक, एवढ्यावर भागेल?

---

अर्धवाहक

पूर्ण लॉक असेल तर भागेल. अर्धवट ओढाताण आणि बाहेरच्या सिग्नलला झालेलं लॉक त्यात कळणार नाही. त्यासाठी जिटर कसा साठतो ते बघायचं.

रिंग मोकळी असेल तर प्रत्येक फेऱ्यातली चूक आधीच्या चुकीत मिसळत जाते. उष्णतेच्या नॉइजमुळे येणारी चूक प्रत्येक फेऱ्याला नवी असते, म्हणून एकूण चुकीचं व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) फेऱ्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतं. दुप्पट फेरे, दुप्पट व्हेरियन्स. फ्लिकर नॉइज (ट्रान्झिस्टरमधला संथ नॉइज) आणि सप्लायचं संथ सरकणं यांचा वाटा वर्गाच्या प्रमाणात वाढतो, दुप्पट फेऱ्यांना चौपट. आणि लॉक झालेल्या रिंगमध्ये व्हेरियन्स थोडं वाढून थांबतं. प्रत्येक फेऱ्यात तिला परत ओढून जागेवर आणलं जातं, त्यामुळे चूक साठतच नाही. कितीही वेळ थांबा, अनिश्चितता वाढणार नाही.

म्हणजे करायचं असं: एका रिंगच्या ठराविक फेऱ्यांत दुसरीचे किती फेरे होतात ते पुन्हा पुन्हा मोजा, लागोपाठच्या मोजण्यांची वजाबाकी घ्या म्हणजे संथ सरकणं बरंचसं जाईल, आणि तिचं व्हेरियन्स काढा. मग फेरे दुप्पट, चौपट, आठपट करत त्याचा आलेख काढा. सरळ रेषेतला वाटा तेवढाच आपला. आलेख आडवा झाला तर रिंग कशाला तरी बांधलेली आहे. फेऱ्यांची संख्या फार कमी ठेवू नका, काउंटरची पायरी एका फेऱ्याची असते आणि जिटर त्यात दिसणारच नाही.

---

काळीकसदार

हे आकड्यांत मांडते, कारण यातून दादांचा अर्धा प्रश्न सुटतो. मानू की फेरा १० नॅनोसेकंदांचा आणि दर फेऱ्याचा उष्णतेचा जिटर ५ पिकोसेकंद. तुमच्या चिपचा खरा आकडा तुम्हीच मोजायचा. साठलेला जिटर फेऱ्याच्या पाव भागाइतका, म्हणजे २५०० पिकोसेकंद व्हायला हवा असेल तर ५०० पट वाढ हवी. वर्गमूळाने वाढतो, म्हणून ५०० चा वर्ग: अडीच लाख फेरे. वेळ अडीच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४०० बिट. बोदे, लुबिच आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या मॉडेलने बघितलं तर अशा प्रत्येक बिटमध्ये किमान ०.९५ बिट एन्ट्रॉपी (खरी अनिश्चितता) येते.

असे २५६ कच्चे बिट घेऊन हॅश करून (ठराविक सूत्राने घुसळून) १२८ बिटचा आकडा काढला तर पाऊण सेकंदही लागत नाही. पंप चालू व्हायला पाऊण सेकंद उशीर झाला तर कोणाचं काय बिघडतं? आठ रिंगा आणि एक्सॉर हा सगळा डोलारा सेकंदाला लाखो बिट हवे असलेल्यांसाठी आहे. तुम्हाला एक रिंग जोडी आणि थोडी उसंत पुरते. सहा रिंगा काढून टाका म्हणजे चिकटायला शेजारीणच उरणार नाही.

---

अर्धवाहक

>एक रिंग जोडी आणि थोडी उसंत पुरते.

पूर्ण सहमत, पण जोडी हा शब्द आला म्हणून एक पेच सांगतो. रिंग क्रिस्टलच्या क्लॉकने टिपली तर सप्लायचं डोलणं सगळं मोजणीत येतं, कारण क्रिस्टल डोलत नाही. म्हणून दुसऱ्या रिंगने टिपणं चांगलं. दोघी सारख्याच डोलतात आणि वजाबाकीत ते डोलणं बरंचसं जातं. पण त्यासाठी दोघी सारख्या हव्यात, आणि सारख्या रिंगा लॉक व्हायला सगळ्यात तयार असतात!

इथे मध्यम मार्ग काढावा लागतो. इन्व्हर्टर एकाच प्रकारचे, मांडणी सारखी, पण संख्या वेगळी. एकीत ५ आणि दुसरीत ७ असं चालेल का ते बघा, गुणोत्तर १ किंवा २ सारख्या साध्या संख्येजवळ नको. दोघींत मोकळी जागा ठेवा आणि त्या जागेत काहीही क्लॉकवर चालणारं ठेवू नका. टूलला जागा ठरवू देऊ नका, हाताने बांधा, नाहीतर पुढच्या वेळी कोडमध्ये कुठेतरी ओळ बदलली की मांडणी हलेल आणि मोजलेलं सगळं वाया जाईल.

जाता जाता: रिंगांवरून चिपची ओळख पटवण्याची पद्धत, सुह आणि देवदास यांची २००७ ची, तिच्यातही हाच त्रास होतो. तिथे कोणती रिंग जलद याची तुलना करून बिट ठरतो. दोघी लॉक झाल्या तर तुलनाच उरत नाही. माझं काम त्यावर आहे, कोणाला रस असेल तर वेगळा धागा काढतो.

---

निवृत्त_निदेशक

मोजमाप करताना एक पथ्य पाळा. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावायला रिंगचं आउटपुट पिनवर काढलं की आउटपुट बफरचा मोठा करंट रिंगलाच त्रास देतो. मोजणी चिपच्या आतच करा आणि आकडे नंतर, रिंगा बंद असताना बाहेर पाठवा.

---

वावरातला_वायरमन

मंडळी, सगळं करून बघितलं. आठांच्या दोन केल्या, ५ आणि ७ इन्व्हर्टरच्या, चिपच्या दोन कोपऱ्यांत, मांडणी हाताने बांधून. रिंगांच्या भागाला वेगळा लिनिअर रेग्युलेटर देता येत नाही, चिपच्या कोअरची सप्लाय पिन एकच आहे. पण अख्ख्या कोअरसाठी बक कन्व्हर्टरनंतर (व्होल्टेज उतरवणारं स्विचिंग सर्किट) एक लिनिअर रेग्युलेटर टाकला आणि कपॅसिटर पिनच्या अगदी जवळ आणले.

आलेख काढला. जुन्या मांडणीत शेजारच्या दोघींची रेघ स्पष्ट आडवी होते. नव्या मांडणीत सुरुवातीला सरळ चढते आणि लांब मोजणीत वर वळते, म्हणजे अर्धवाहक म्हणाले तो फ्लिकरचा भाग. सरळ भागावरून जिटर काढला आणि त्याच्या निम्मा धरून वेळ ठरवली. आकडा यायला सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पेटी भर दुपारी पत्र्यावर ठेवून आणि व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज पाडूनही मोजलं, रेघ आडवी झाली नाही.

आता पॅनेलमध्ये कायमची तपासणी हवी. काय ठेवू?

---

काळीकसदार

मस्त काम, दादा. निम्मा धरण्याचा निर्णय फार आवडला.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या एसपी ८००-९०बी या २०१८ च्या दस्तऐवजात दोन सोप्या तपासण्या आहेत. एकच बिट सलग किती वेळा आला ते मोजायचं. पूर्ण एका बिटची एन्ट्रॉपी धरली आणि चुकून घंटा वाजण्याची शक्यता २ च्या २०व्या घातात एक ठेवली तर सलग २१ वेळा तोच बिट आला की थांबायचं. अर्धा बिट धरला तर ४१. दुसरी, १०२४ बिटांच्या खिडकीत पहिला बिट किती वेळा परत येतो ती. लाइन आल्यावर पहिले १०२४ बिट तपासल्याशिवाय आकडा द्यायचा नाही.

पण या दोन्ही तपासण्या पूर्ण बंद पडलेल्या स्रोतालाच नीट पकडतात. लॉकसाठी तुमचा व्हेरियन्सचा आलेख हीच खरी तपासणी, तिची छोटी आवृत्ती आत ठेवा: एका लांबीचं आणि तिच्या चौपट लांबीचं व्हेरियन्स, दोघांचं गुणोत्तर खाली घसरलं की घंटा. जर्मनीच्या बीएसआय या सायबर सुरक्षा संस्थेचा एआयएस ३१ हा निकष याच विचाराचा आहे, तो आउटपुटच्या चाचण्यांवर समाधान न मानता स्रोताचं मॉडेल मागतो.

---

वावरातला_वायरमन

घंटा वाजली तर पॅनेलने काय करायचं? सुरक्षेच्या पुस्तकाप्रमाणे सगळं बंद. म्हणजे चालू मोटरही बंद करू का?

---

संत्रा_मोर्शी

नाही नाही भाऊ, हे नका करू. रातच्याले लाइन चार-पाच घंटे राहते. अर्ध्या बगीच्याले पानी गेलं अन् मोटर बंद पडली तं सकाळी कोनाले समजन? लाइन परत कवा येईन त्याचा भरोसा नाही. जे चालू हाय ते चालू राहू द्या. नवीन हुकूम घेऊ नका फक्त. अन् पेटीवरचं हिरवं-लाल बटन रेडिओच्या भरवशावर ठेवू नका, ते सरळ काँटॅक्टरले पायजे. बंद कराचा हुकूम मात्र कसाही आला तरी घ्या, तो काही नुकसान करत नाही.

---

अर्धवाहक

काका, चालू मोटरबद्दल आणि बटणाबद्दल पटलं. बंद करण्याच्या हुकमाबद्दल एक शंका: तपासल्याशिवाय घेतला तर शेजारी रोज रात्री तुमची मोटर बंद करत बसेल.

---

संत्रा_मोर्शी

हाव, हे बी खरं. मंग असं करा, मोटर चालू होताना रिमोटाले तेव्हाच बंद कराचा एक परवाना देऊन ठेवा. तो एकदाच चालन.

---

काळीकसदार

काका, हे फार छान सुचवलंत. चालू करतानाच्या आकड्यावरून, त्याच किल्लीने, बंद करण्याचा संकेत रिमोट आणि पॅनेल दोघंही आधीच काढून ठेवू शकतात. तो रेडिओवर पाठवावाच लागत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला मिळत नाही. चालू होताना आकडा चांगला होता एवढं पुरे, नंतर मध्येच रिंगा लॉक झाल्या तरी बंद करता येईल. वापरला की पुसून टाकायचा.

---

वावरातला_वायरमन

हेच घेतो. घंटा वाजली की नवा चालू हुकूम नाही, चालू मोटर तशीच, बटण थेट काँटॅक्टरला, बंदचा संकेत आधीच काढलेला. पेटीवर एक पिवळा दिवा लावतो आणि रिमोटवरही, म्हणजे पॅनेल बघायला दिवसा या एवढं शेतकऱ्याला कळेल.

एफपीजीएचा कोड आणि रिंगांची मांडणी साफ करून इथेच टाकतो. कोणाकडे दुसऱ्या बनावटीची चिप असेल तर दोन रिंगा शेजारी आणि दोन कोपऱ्यांत, असे दोन्ही आलेख काढून टाका. मांडणीतलं किती अंतर पुरतं ते चिपगणिक बदलत असणार.

---

बेंबळा_काठ

माझ्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा जुना बोर्ड पडला आहे, दुसऱ्याच बनावटीचा. रविवारी बाभुळगावहून दारव्ह्याला येऊ का? व्हेरिअ‍ॅक माझ्याकडे नाही.

---

वावरातला_वायरमन

या ना भाऊ. सकाळीच या, दुपारी लाइन नसते.